शुभेच्छापत्रांवरची मराठी अक्षरे सांगलीतच घडवता येतील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की सांगली-मिरजेत आणि तिकडे सातारा-कराडलाही बचत गटांचे स्टॉल लागतात, शाळांतून हस्तकलेची प्रदर्शने भरतात. हाताने केलेली शुभेच्छापत्रे त्यांत हमखास असतात. शिक्के, स्टेन्सिल, शाई आणि डाय-कट (धारदार साच्याने, म्हणजे डायने, कापलेले आकार) वापरून केलेल्या या कार्डांमागची मेहनत लगेच दिसते. तरीही दोन गोष्टी सतत खटकतात. चित्र पणतीचे, तोरणाचे आणि खाली अक्षरे मात्र रोमन लिपीतल्या ‘हॅपी दिवाळी’ची. आणि कार्ड हातात घेतले की शाई बोटाला लागते, नाहीतर पावसाचा एक थेंब पडताच अक्षरे पसरतात. दोन्हींवर उपाय आहे आणि त्यासाठी लागणारे कारागीर आपल्याच गावात आहेत, म्हणून हे पत्र.

तयार शिक्क्यांचे आणि डायचे संच बहुतेक बाहेरून येतात आणि त्यांवरचा मजकूर इंग्रजी असतो. देवनागरीत काही मिळालेच तर ते बहुधा हिंदीत. कार्यशाळेत शिकवणारे तेच संच आणतात आणि शिकणाऱ्यांना वाटते, मराठीत हे मिळतच नाही. वास्तविक, कचेरीचे शिक्के करून देणारी दुकाने प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. ‘पॉलिमर’चा शिक्का म्हणून ते जे देतात, तेच तंत्र कार्डाच्या शिक्क्यालाही वापरतात. अक्षरांची निगेटिव्ह फिल्म काचेवर ठेवायची, त्यावर पॉलिमरचे घट्ट द्रव ओतायचे, अतिनील प्रकाश द्यायचा. फिल्म जिथे पारदर्शक तिथे प्रकाश पोहोचतो आणि द्रव कडक होते. बाकीचे ब्रशने पाण्यात धुऊन जाते. मग पुन्हा एकदा प्रकाश. हा शेवटचा प्रकाश कमी पडला तर शिक्का चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात कडा फाटू लागतात. असा शिक्का हातात आला तर तसाच घरी आणू नये. दुकानातच पुन्हा धुऊन, पाण्यात बुडवून आणखी प्रकाश द्यायला सांगावे.

दुकानात गेल्यावर ‘हँडल नको, नुसता पॉलिमर द्या’ असे स्पष्ट सांगावे. फ्लॅश स्टॅम्प तर मुळीच घेऊ नये. त्याची शाई त्याच्या पोटातच असते, त्यामुळे आपल्या रंगाच्या पॅडवर तो चालत नाही. पॉलिमरच्या पाठीला फिल्म असेल तर तो शिक्का धरायच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला आपोआप चिकटत नाही. पातळ दुहेरी टेप लावावी लागते. ठोकळा पारदर्शकच हवा, म्हणजे शिक्का कुठे बसतो आहे ते वरून दिसते. ८ ते १० मि.मी. जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे कापून मिळतो. त्याच्या कडा पॉलिश करून घ्याव्यात.

खरी गोम आहे ती फाईलमध्ये. दुकानदाराकडे जुने सॉफ्टवेअर असेल तर मोबाईलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर त्यात उघडताच र्‍हस्व वेलांटी जागा सोडते आणि ‘च्छ’ फुटून ‘च्’ आणि ‘छ’ वेगळे होतात. म्हणून अक्षरे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे मजकुराचे आकारात रूपांतर करून पीडीएफ द्यावी. फाईल सरळच द्यावी. उलटी प्रतिमा करणे हे दुकानदाराचे नेहमीचे काम असते. आपणही उलटवून दिली तर दोनदा उलटून शिक्का वाया जातो. कागदावर काढलेली प्रिंट डोळ्यांनी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. आणि ‘श’ व ‘ल’ मराठी वळणाचे आहेत ना, हे अवश्य पाहावे. अनेक फाँटमध्ये ही अक्षरे मुळात हिंदी वळणाची येतात, मराठी रूप वेगळे निवडावे लागते. ‘शुभेच्छा’ या शब्दाची सुरुवातच ‘श’ने होते, तेव्हा ही बारीक गोष्ट नाही.

फाँट निवडताना रेषेची जाडी बघावी. साधारण ०.३ मि.मी.पेक्षा बारीक रेष धुताना वाकते किंवा निघूनच जाते. अक्षराच्या पोटातली पोकळी अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी असेल तर तिच्यात शाई भरते आणि ‘व’चा काळा ठिपका होतो. ‘बलू’ किंवा ‘मुक्ता’ हे मोफत मिळणारे फाँट २४ पॉइंटला नीट उमटतात. ‘मोदक’ हा फाँट देखणा आहे, पण त्यातल्या पोकळ्या म्हणजे नुसत्या केसासारख्या रेघा, त्यामुळे लहान शिक्क्याला तो निरुपयोगी. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एका ओळीत बसवायच्या हट्टात अक्षर १४ पॉइंटवर आणू नये, सरळ दोन ओळी कराव्यात.

नवा पॉलिमर गुळगुळीत असतो, त्यामुळे त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. शिक्क्याच्या तोंडावरून साधा खोडरबर हलक्या हाताने चार-सहा वेळा फिरवला की हा दोष जातो. शाई लावताना पॅडवर शिक्का दाबू नये. पॅडच हातात घेऊन शिक्क्यावर टपटप टेकवावे. कार्डाखाली माऊसपॅडसारखी मऊ चटई ठेवावी, सरळ खाली दाबावे, तीन-चार सेकंद थांबावे, सरळ उचलावे. दाबताना हात डोलवला की शिक्क्याच्या कडेचा पॉलिमर कागदाला टेकतो आणि अक्षराभोवती डाग उमटतो.

देवनागरीला आणखी एक काळजी लागते. रोमन शब्द किंचित कलला तरी चटकन कळत नाही. आपल्याकडे शिरोरेषा ही लांब सरळ रेघ कार्डाच्या कडेला समांतर धावते. ८० मि.मी. लांबीचा शब्द एका अंशाने कलला, तर दोन टोकांत सुमारे १.४ मि.मी.चा फरक पडतो आणि तो लांबूनही दिसतो. ठोकळ्यावर चौकटीच्या रेघा कोरून घेतल्या आणि शिरोरेषा त्यांतल्या एका रेघेवर बसवली की प्रश्न मिटतो. कोरलेल्या रेघा नसतील तर आलेख कागदावर कार्ड ठेवून ठोकळ्याची कड त्याच्या रेघेशी जुळवावी.

आता शाई आणि कागद. बिघडलेली बहुतेक कार्डे इथे बिघडलेली असतात, कारण शाई निवडताना कागदाचा विचार होत नाही. कचेरीतल्या जांभळ्या पॅडची शाई पॅड वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखे हळू सुकणारे द्रव घालून केलेली असते. ती साध्या कागदात मुरते, म्हणून अर्जावर चालते. छापखान्यातून आणलेल्या ३०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आर्ट कार्डाला वरून लेप असतो. त्यावर ती मुरत नाही, उडतही नाही. दोन दिवसांनीही बोट फिरवले की पुसते. उलट खरखरीत हातकागदावर तीच शाई धाग्यांच्या वाटेने पसरते आणि अक्षराला केस फुटतात. चिंध्यांपासून केलेला हातकागद फार सुंदर दिसतो, पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो करते आहे, पण त्यावर बारीक अक्षरांचा शिक्का मारू नये. ठळक चित्र मारावे आणि अक्षरे गुळगुळीत कागदावर मारून ती पट्टी वर चिकटवावी.

घरच्या घरी कागद ओळखायचा तर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. लगेच शोषला गेला तर कागद शाई पसरवणारा. मिनिटभर मण्यासारखा उभा राहिला तर लेपाचा, साध्या शाईला न मानणारा. काही वेळ टिकून हळूहळू मुरला तर आपल्या कामाचा. स्टेशनरीच्या दुकानात लेप नसलेली २५० ते ३०० जीएसएमची आयव्हरी शीट मागावी आणि थेंबाची परीक्षा करूनच गठ्ठा घ्यावा.

शायांचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. डाय शाई (कापायच्या डायशी तिचा संबंध नाही, इथे डाय म्हणजे विरघळणारा रंग) कागदात मुरते, पटकन सुकते, रंग मिसळायला उत्तम. पण बहुधा पाण्याने पसरते आणि उन्हात विटते. पिगमेंट शाई कागदावर थर करून बसते, उशिरा सुकते, रंग टिकाऊ. लेपाच्या कागदावर ती सुकायचीच नाही. तिसरी सॉल्व्हंट शाई. ती आर्ट कार्ड, प्लास्टिक, पन्नी अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी असते, पण पॉलिमरच्या शिक्क्याला हळूहळू खाते. म्हणून काम होताच शिक्का पुसून ठेवावा. बाजारात मिळणाऱ्यांपैकी मेमेंटो डाय प्रकारची, व्हर्साफाईन पिगमेंटची आणि स्टेझऑन सॉल्व्हंटची. शिक्क्यातले चित्र नंतर अल्कोहोल मार्करने रंगवायचे असेल तर मेमेंटोसारखी शाई वापरावी. जलरंगाने रंगवायचे असेल तर पूर्ण सुकलेली पाणीरोधक पिगमेंट. यांची अदलाबदल झाली की काळी बाह्यरेषा रंगात उतरते आणि पणतीची ज्योत राखाडी होते. पॅड कोणतेही असो, ते उपडे ठेवावे, म्हणजे शाई तोंडाशी राहते. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत खिडकीशी ठेवलेले पॅड वाळून जाते.

‘नैसर्गिक रंग’ म्हणून हळदीचे पाणी वापरण्याची हौस इथे साहजिक आहे, हळदीची एवढी मोठी पेठ आपल्या दारात आहे. पण हळदीचा पिवळा प्रकाशात फार लवकर विटतो. साबणाचा किंवा चुन्याचा हात लागला तर तांबडा होतो. कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच करतात, त्यामागे हेच आहे. मुलांना हा बदल कागदावर करून दाखवायला मजेचा आहे, तो जरूर दाखवावा. मात्र वर्षभर जपायच्या कार्डावर हळद नको.

उठावाच्या सोनेरी अक्षरांसाठी पिगमेंट किंवा चिकट पारदर्शक शाईने शिक्का मारतात, त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकून झटकतात आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवतात. केस वाळवायचे यंत्र इथे चालत नाही: हवा जोराची, उष्णता अपुरी, पावडर वितळण्याआधीच उडते. पावसाळी हवेत कागद दमट असतो आणि पावडर नको तिथेही चिकटते. शिक्का मारण्याआधी कागदावरून टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी फिरवावी. गन एका जागी धरू नये. पावडर चमकली की लगेच पुढे सरकावे. जास्त तापली तर ती कागदात उतरते आणि उठाव जाऊन तेलकट डाग उरतो.

स्टेन्सिलमध्ये देवनागरीची अडचण वेगळी आहे. ‘दिवाळी’ शब्द पत्र्यातून कापला की ‘व’ आणि ‘ळ’ यांच्या पोटातले तुकडे सुटून पडतात. त्यांना धरून ठेवायला एकेक अरुंद पूल सोडावा लागतो, साधारण १ ते १.५ मि.मी. रुंदीचा. पूल अक्षराच्या बारीक भागात काढावा, म्हणजे वाचताना अडथळा होत नाही. ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटवर) धारदार कटरने असे स्टेन्सिल हाताने कापता येते. आतल्या पोकळ्या आधी, बाहेरची रेषा शेवटी. उलटे केले तर शीट लुळी पडते आणि पूल तुटतो. रांगोळीचे छाप कार्डाला वापरू नयेत, त्यांचे प्लास्टिक कागदाला सपाट बसत नाही आणि शाई खाली शिरते.

पूल नकोच असतील तर गाड्यांचे नंबर, स्टिकर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जावे. त्याचा प्लॉटर, म्हणजे संगणकावर चालणारे पात्याचे यंत्र, चिकट विनाईलमध्ये शब्द कापतो, आणि ट्रान्स्फर टेपने उचलल्यामुळे ‘व’च्या पोटातला सुटा तुकडाही जागच्या जागी कागदावर बसतो. विनाईलचा चिकटपणा कागदाचे पापुद्रे उपटण्याइतका असतो, म्हणून आधी एकदा सुती कापडावर चिकटवून काढावे. एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. विनाईल म्हणजे पीव्हीसी. ते लेझरवर कापायला कधीही देऊ नये. जळताना हायड्रोजन क्लोराईडचा वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही. लेझरवर कापायचे तर पॉलिस्टरची शीट द्यावी.

रंग भरताना ब्रशला शाई लावून आधी रद्दी कागदावर फिरवावी, मग स्टेन्सिलच्या बाहेरून गोल गोल आत यावे. थेट मध्यावर ब्रश टेकवला तर तिथे गडद डाग बसतो आणि तो जात नाही. फिका रंग आधी. पिवळा, नारिंगी, शेंदरी असा झेंडूचा क्रम स्वच्छ उतरतो. पिवळ्यावर जांभळा गेला की चिखलाचा रंग होतो.

स्टेन्सिलमध्ये देवनागरी जितकी अडवते तितकीच ती डाय-कटमध्ये मदत करते. रोमन शब्द सुटी अक्षरे जोडून कापला तर एकेक अक्षर वेगळे चिकटवावे लागते. आपला शब्द शिरोरेषेला लटकलेला, त्यामुळे ‘भ’वर तुटणारी शिरोरेषा फाईलमध्ये जोडून घेतली की ‘शुभेच्छा’ अख्खा एका तुकड्यात उचलता येतो. अनुस्वारही असाच सुटतो. ‘अभिनंदन’ कापताना टिंब शिरोरेषेला बारीक मानेने जोडून घ्यावे, नाहीतर ते टेबलावर शोधत बसावे लागते. रफार आणि मात्रा शिरोरेषेला पक्क्या मिळाल्या आहेत का, हे फाईलमध्ये मोठे करून पाहावे.

अशा बारीक अक्षरांना लागणारी पातळ धातूची डाय इथे सहजी होत नाही. थोड्या प्रतींसाठी प्लॉटर पुरतो: १६० ते २०० जीएसएमचा कागद चिकट चटईवर बसवून, पाते नवे घालून, एकाऐवजी दोन फेऱ्या. पणती, कोयरी, कमान, कंदील, पाकीट असे साधे आकार मात्र लग्नपत्रिकांच्या छापखान्यांत अगदी सहज निघतात. तिथे प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी वाकवून बसवलेली डाय असते, शेजारी कागद ढकलून सोडवणारे स्पंज आणि त्यावर पंचिंग मशीन. पट्टी फार लहान वळण घेत नाही, म्हणून आतला कोपरा गोलसर ठेवावा आणि पाच-सहा मि.मी.पेक्षा अरुंद जागा टाळावी. त्याच डायमध्ये क्रीझची, म्हणजे घडीची रेघ दाबणारी, पट्टीही बसवून घेतली की शेकडो कार्डे एका घडीची निघतात. चातुर्मासात लग्नाची कामे थंडावतात, तेव्हा अशी छोटी ऑर्डर घ्यायला छापखानेही नाही म्हणणार नाहीत. आयर्विन पुलाच्या कमानींची ओळ किंवा मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा हे आकार पट्टीच्या डायला अगदी सोयीचे आहेत. कुणी तरी ते करून घ्यावेत असे मनापासून वाटते.

डाय-कटचे हाताने फिरवायचे यंत्र असेल तर डायची धार कागदाकडे ठेवून ती रोलरला थोडी तिरकी घालावी, म्हणजे सगळी धार एकदम दाबाखाली येत नाही आणि कटिंग प्लेट तडकत नाही. नक्षीच्या डायमध्ये कागद अडकत असेल तर मध्ये बटर पेपर घालावा. एकाच बाजूने वापरून प्लेट वाकते. दर वेळी उलटी करावी. कट अर्धवट आला म्हणून लगेच खाली पुठ्ठे भरू नयेत, आधी डाय जागा बदलून पुन्हा एकदा फिरवावी.

घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या धाग्यांच्या, दिशेने घालावी. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहावा. जिकडे सहज वाकतो ती घडीची दिशा. उलट्या दिशेची घडी तडकते आणि आतला पांढरा गाभा दिसतो. रिकाम्या बॉलपेनने पट्टीलगत रेघ दाबावी आणि दाबलेली बाजू बाहेर येईल अशी घडी घालावी. चिकटवायला फेविकॉल असेल तर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके पुरेत, सगळीकडे फासला की त्यातल्या पाण्याने कागद लाटा घेतो.

शेवटी टपाल. उघडल्यावर ए-५ आकाराचे ३०० जीएसएम कार्ड सुमारे ९.४ ग्रॅमचे, आतला १०० जीएसएम कागद तीन, वरची २२० जीएसएमची पट्टी तीन, पाकीट साडेचारच्या आसपास. बेरीज २० ग्रॅमच्या घरात जाते आणि साध्या पत्राचा पहिला वजनटप्पा २० ग्रॅमचाच आहे. त्यावर फोमची टेप, मणी, आरसे आले की तिकीट वाढवावे लागते, नाहीतर पत्र बैरंग होऊन घेणाऱ्याला भुर्दंड पडतो. विक्रीला ठेवणाऱ्या गटांनी एक नमुना वजन करून पाकिटाच्या मागे ग्रॅम लिहून द्यावेत. राखीची पाकिटे ऐन पावसात जातात. त्यांच्यावर पत्ता आणि नक्षी दोन्ही पाणीरोधक शाईतच हवीत.

शिक्के करणाऱ्या दुकानदारांना एवढीच विनंती, की ‘शुभ दीपावली’, ‘शुभेच्छा’, ‘अभिनंदन’, ‘धन्यवाद’ आणि ‘सप्रेम भेट’ या शब्दांची एक पॉलिमर शीट नमुना म्हणून काउंटरवर ठेवावी. आणि कार्यशाळा घेणाऱ्यांनी साहित्याच्या यादीत नुसते ‘इंक पॅड’ आणि ‘कार्डशीट’ न लिहिता शाईचा प्रकार, कागदाचे जीएसएम आणि तो लेपाचा की बिनलेपाचा, हे स्पष्ट लिहावे.

कळावे,
हस्तकला शिकवणारी एक वाचक,
विश्रामबाग, सांगली